स्वस्त पाव आणि गरिबाची शंका

मुक्त बाजार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेठजी उभे राहतात. गरिबाचं त्यात काय भलं, असं वर्गात आम्हाला दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. म्हणून आज सिद्धान्त बाजूला ठेवू आणि इंग्लंडचा एक जुना वाद पाहू.

१८१५ साली नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं. आता धान्य स्वस्त होणार, म्हणून जमीनदार धास्तावले. पार्लमेंट त्यांच्याच हातात होतं. त्यांनी कायदा केला, की देशी गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांना, ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येणार नाही. १८२८ मध्ये बंदीच्या जागी भावानुसार बदलणारी जकात आली, पण पाव महागच राहिला.

याविरुद्ध १८३८-३९ मध्ये मँचेस्टरला संघटना उभी राहिली. पुढारी दोघे, कापडाच्या धंद्यातले रिचर्ड कॉब्डेन आणि गिरणीवाले जॉन ब्राइट. १८४० पासून एका पेनीत टपाल जाऊ लागलं, त्याचा फायदा घेऊन यांनी घरोघरी पत्रकं पाठवली. सभांतून दोन पाव दाखवले जात: जकातीचा लहान, मुक्त व्यापाराचा मोठा. लोकांना समजावायचं तर त्यांच्या ताटातून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे शरद जोशींनी शेतकऱ्याशी बोलायला कांद्याच्या भावापासूनच सुरुवात केली ना, तसंच हे.

पण सगळ्या कामगारांना हे पटलं नाही. मताचा हक्क मागणारे चार्टिस्ट सभांत उठून विचारायचे, ‘पाव स्वस्त झाला की तुम्ही आमची मजुरी कापणार, हो ना?’

आता इथे जरा थांबू. गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, हे उघड आहे. पण बोलणाऱ्याचा स्वार्थ दाखवला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. हा तर्कशास्त्राचा पहिला धडा. मात्र त्या शंकेला उत्तर देणं बोलणाऱ्यावर बंधनकारक आहे. कॉब्डेननी ते दिलं. त्यांचं म्हणणं असं: महागाईत मजुरी वाढते कुठे? सगळी मिळकत पावात जाते, कापडाला गिऱ्हाईक उरत नाही, गिरणी बंद पडते आणि हातचं काम जातं. १८४२ च्या मंदीत लँकेशरच्या कामगारांनी हेच भोगलं होतं.

१८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा कुजला. १८४६ मध्ये पंतप्रधान पील यांनी स्वतःचा पक्ष फुटू दिला, पण कायदा रद्द करून घेतला. पुढे रेल्वे आणि आगबोटी आल्या, अमेरिकेचा गहू आला आणि इंग्रज मजुराला पाव खरोखर स्वस्त मिळू लागला.

गोष्ट इथेच संपवली तर मात्र आम्ही वकिली केली असं होईल. त्याच वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि बंदरांतून धान्य बाहेर जातच होतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवलं, की धान्य असूनही ते मिळवण्याची ऐपत नसली तर माणूस उपाशी मरतो.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. खुला बाजार गरिबाचा पाव स्वस्त करतो, हे पटवून द्या, अवश्य द्या. पण ज्याच्या खिशात पेनीच नाही त्याचं काय, या प्रश्नालाही तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर द्या. ते टाळलंत तर चार्टिस्टाची शंका आजही उठून उभी राहील, आणि ती रास्त असेल.