चाकाआधीचं फिरतं बिऱ्हाड

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात दणकट जीपमागे कॅराव्हॅन जोडून आठवडेच्या आठवडे हिंडणं ही आज हौस आहे. अशा फिरत्या घराची कुळकथा सांगताना आधी घोडागाडी, मग मोटार, मग मोटारीमागचं घर अशी चाकांचीच वंशावळ मांडली जाते. गुलबर्गा-बिदर पट्ट्याला ती लागू पडत नाही. वाट नसलेल्या मुलखातून अख्खा संसार नेण्याचं तंत्र इथे चाकाशिवाय घडलं, शतकानुशतकं चाललं, आणि चाक त्याला फार उशिरा जोडलं गेलं. हे तंत्र लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, तांड्याचं. त्यांनी चाक टाळलं ते अडाणीपणाने, असा समज आहे. मला त्यात पक्का हिशेब दिसतो.

सर्वांत बोलका पुरावा एका परक्या जवाहिऱ्याचा आहे. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या शोधात गोवळकोंड्याला आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये लिहितो की गोवळकोंड्यापासून कन्याकुमारीपर्यंत चाकाची वाहनं चालतच नाहीत. डोंगर, तळी, नद्या आणि अरुंद खिंडी आड येतात. त्याने हट्टाने आपली हलकी गाडी खाणींपर्यंत नेली, पण अवघड जागी ती वारंवार सुटी करून पलीकडे न्यावी लागली. आजच्या भाषेत ही दख्खनमधली ‘ऑफ-रोड’ सफरच, आणि ती फसल्याची कबुली खुद्द गाडीमालकाची. या मुलखात माल वाहताना दिसतात ते बैल आणि तट्टं, असंही तो सांगतो. दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ घेऊन फिरत, बायकामुलं आणि तंबू सोबतच असत, हे वर्णनही त्याचंच. 1632 मध्ये उत्तरेत पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 14 हजार बैलांचा तांडा भेटला. त्याची चाल दिवसाला फार तर सहा-सात मैल होती.

इथे पहिला आक्षेप येतो. गाडीला जुंपलेली जोडी दोन पाठाळ बैलांच्या कितीतरी पट ओझं ओढते, मग पाठीवर गोणी लादण्यात शहाणपण कसलं? ओझ्यापुरतं हे गणित बरोबर आहे, पण रस्ता फुकट मिळतो असं त्यात गृहीत धरलेलं आहे. गुलबर्ग्याची काळी रेगडी पावसाळ्यात चाकाला आसापर्यंत गिळते. उन्हाळ्यात ती टणक होते, तेव्हा गाडी चालेल की, असंही कुणी म्हणेल. चालते, पुढच्या ओढ्यापर्यंत. भीमा, कागिणा, मांजरा यांना मिळणाऱ्या असंख्य ओढ्यांचे काठ कापलेले असतात. तिथे गाडीला उतार खणावा लागतो, बैल मात्र स्वतःची वाट काढतो. शिवाय सहा-सात मैलांची ती संथ चाल हा दोष नव्हताच. बैल चरत चरत जात, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळपास शून्य. थोडी माणसं पुष्कळ जनावरं हाकत. भुसार मालाला घाई नसते. एकूण खर्चात तांडा गाडीला हरवत होता. ऑस्ट्रेलियातही कथा वेगळी नाही: 1860 मध्ये ऑस्ट्रेलिया ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी कराचीहून मेलबर्नला उंट नेले गेले, कारण वाळवंटात आधी पाठ चालली, चाक नंतर.

मग तांडा थांबला कशाने? आगगाडीने, असं सरसकट उत्तर मिळतं. मला ते अर्धंच पटतं. मुंबईकडचा आणि मद्रासकडचा लोहमार्ग 1871 मध्ये रायचूरला जुळला, वाडी-सिकंदराबाद मार्ग 1874 मध्ये सुरू झाला, आणि मिठाधान्याचा लांबचा व्यापार गेला हे खरंच. पण बिदर आणि गुलबर्गा यांना थेट जोडणारी रेल्वे 2017 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तोवर तांडा या दोन शहरांदरम्यान चालत राहिला नाही. मोठा घाव आधीच बसला होता. तांड्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक सैन्य होतं. मोगलांच्या दख्खन स्वाऱ्यांपासून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या 1803 च्या मोहिमेपर्यंत फौजेचं पोट लमाणांच्या गोण्यांवर भरत असे. 1818 नंतर दख्खनमधल्या मोठ्या लढाया संपल्या आणि ते गिऱ्हाईकही गेलं. पुढे पक्क्या सडका झाल्या, म्हणजे रस्त्याचा खर्च सरकारने उचलला, आणि गाडीचं गणित प्रथमच जमलं.

चाक या संसाराला जोडलं गेलं ते उसाच्या हंगामात. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंची ऊसतोड मजुरांची कुटुंबं, त्यांत लमाणांची पुष्कळ, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत पत्रे, बाजा, चुली, कोंबड्या आणि लेकरं घालून कारखान्याच्या रानात उतरतात. घर ओढून नेण्याचं आपल्याकडचं खरं रूप हेच. ही बैलगाडीची वंशज आहे असं म्हणणाऱ्यांना मी विचारीन की मग टोळीची रचना कुठून आली? तांड्याच्या नायकाच्या जागी मुकादम, कुटुंबासकट कूच, उघड्या रानात पालांची वस्ती. चाकं तेवढी नवी आहेत. यावर एक आक्षेप मात्र मला मोडता येत नाही. तांड्याचे बैल तांड्याच्या मालकीचे असत आणि पुष्कळदा मालही; तोड मजूर उचल घेऊन निघतो, ट्रॅक्टर दुसऱ्याचा असतो आणि हिशेबाची वही मुकादमाकडे. तंत्र वारशाने आलं, मालकी आली नाही. 19 जानेवारी 2023 रोजी कलबुर्गी (म्हणजेच गुलबर्गा) जिल्ह्यातल्या मळखेडला कागिणेकाठी पन्नास हजारांहून अधिक बंजारा कुटुंबांना घरजागेची हक्कपत्रं वाटली गेली आणि नोंद नसलेले तांडे महसुली गावं ठरले. ती जागा घराची आहे. शेताची आणि कामाची तरतूद त्या कागदात नाही, त्यामुळे हंगाम आला की ट्रॉली भरतेच.