केडगावचं बायबल

लोणी स्टेशनवरून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की यवतच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर आणलं. हळूहळू तिथे गावच वसलं: विहिरी, शेती, हातमाग, तेलाचा घाणा, शाळा, चर्च आणि छापखाना.

मराठी बायबल तेव्हाही होतं. पण रमाबाईंना त्याची भाषा जड वाटायची. नुकतीच अक्षरं शिकलेली मुलगी ते वाचणार कसं? मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं बसून सोप्या मराठीत भाषांतर केलं. लक्षात घ्या, संस्कृतवरच्या प्रभुत्वासाठी कलकत्त्यात 'पंडिता' पदवी मिळवलेल्या बाई या! तेच संस्कृत त्यांनी इथे मुद्दाम बाजूला ठेवलं.

खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकामुलींनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं.

आम्ही ॲप बनवताना आधी विचारतो, हे वापरणार कोण? रमाबाईंनी तोच प्रश्न धर्मग्रंथाच्या बाबतीत विचारला, आणि उत्तरासाठी उरलेलं आयुष्य दिलं.