सतरा वर्षे दडलेली चूक

माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून, आवाजावरून ओळखतात. दूरच्या दोन संगणकांतील आज्ञावलींना तो आधार नसतो. आलेला निरोप ज्याच्या नावाचा आहे त्याचाच आहे, हे त्यांनी जाणावे कसे? डिसेंबर १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी त्यासाठी एक रीत सुचविली.

तिचे मर्म तीन निरोपांत होते. प्रत्येकाचे कुलूप सर्वांपाशी, किल्ली मात्र ज्याची त्याच्यापाशी. ‘अ’ने आपले नाव व एक नवी गुप्त संख्या ‘ब’च्या कुलुपात घालून धाडावी, ‘ब’ने त्या संख्येला आपली एक जोडून दोन्ही ‘अ’च्या कुलुपात परत कराव्यात, ‘अ’ने ती दुसरी संख्या ‘ब’च्या कुलुपात उलट पाठवावी. अशा रीतींत फार सूक्ष्म चुका राहतात, त्या पडताळण्याचे तंत्र हवे, असेही दोघांनी त्याच लेखात बजावले होते.

इशारा त्यांच्याच रीतीला लागू पडला. १९८९ मध्ये मायकेल बरोज, मार्टिन आबादी आणि स्वतः नीडहॅम यांनी तर्कशास्त्राच्या कसोटीवर तिची छाननी केली. तरीही चूक निसटली. ती १९९५ साली ऑक्सफर्डच्या गॅव्हिन लो यांनी उघड केली.

समजा, ‘अ’ने ‘क’शी सरळ मनाने बोलणे सुरू केले आणि ‘क’ लबाड निघाला. ‘अ’चा निरोप तो ‘ब’च्या कुलुपात घालून ‘अ’च्याच नावाने पुढे धाडतो. ‘ब’चे उत्तर त्याला उघडता येत नाही. उघडण्याची गरजही नाही! तो ते तसेच ‘अ’कडे सरकवितो. हे ‘क’चेच उत्तर समजून ‘अ’ ‘ब’ची गुप्त संख्या काढतो आणि आपल्या हाताने ‘क’ला देतो. ‘ब’ला फसविण्यास मग काय उरले? कुलूप एकही फुटले नाही. रीत रचताना चोर दाराबाहेर कल्पिला होता; हा पंक्तीत बसलेला निघाला.

पुढील वर्षी लो यांनी हीच चूक एफडीआर नावाच्या तपासणी-आज्ञावलीकडून काढून दाखविली. ‘असे कोण करील’ म्हणून माणसाची नजर जी चाल सोडून देते, तीही ही आज्ञावली न कंटाळता चाळते. तिचा पाया टोनी होअर यांची गणिती भाषा. आणि ती ऑगस्ट १९७८ मध्ये, त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. रोग आणि औषध चार महिन्यांच्या अंतराने छापले गेले होते.

उपाय एवढाच, की दुसऱ्या निरोपात ‘ब’ने आपले नावही घालावे. पण एफडीआरने तपासलेली मंडळी मोजकीच होती. तेवढ्यांत रीत निर्दोष ठरली तर कितीही मोठ्या समुदायात ती टिकते, हे लो यांनी गणिताने वेगळे सिद्ध केले.