मल्टिक्लाऊड व्यवस्थापन (चेन्नई)

एका संस्थेचे संगणकीय काम दोन किंवा अधिक कंपन्यांच्या क्लाऊडवर वाटणे, आणि कोणत्या कामाला कुठे, किती प्रोसेसर, मेमरी व साठवण द्यायची हे सतत ठरवत राहणे.

भारतात हा प्रश्न आधी भूगोलाचा आहे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2015 मध्ये पुणे, चेन्नई व मुंबई येथे अ‍ॅझ्युर या आपल्या क्लाऊडची तीन रीजन (डेटा सेंटरांचे प्रादेशिक समूह) सुरू केली. आयबीएमचे डेटा सेंटरही त्याच वर्षी चेन्नईत आले. अ‍ॅमेझॉनने मुंबई (2016) व हैदराबाद (2022), तर गूगलने मुंबई (2017) व दिल्ली (2021) निवडली. त्यामुळे चेन्नईतल्या कंपनीने दोन पुरवठादार धरले, की काम बहुधा दोन शहरांतही विभागले जाते.

अ‍ॅझ्युरमध्ये पुणे व चेन्नई ही जोडी आहे. ग्राहकाने तशी सोय घेतली असेल, तर पुण्यातल्या माहितीची दुसरी प्रत चेन्नईत राहते. हवाई अंतर सुमारे 900 किमी. प्रकाशतंतू अगदी सरळ टाकला तरी संदेशाला जाऊन यायला 9 मिलिसेकंद लागतात. प्रत मागाहून पोहोचत असल्याने एक केंद्र अचानक बंद पडले, तर शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी दुसरीकडे नसू शकतात. फोटोंच्या संग्रहाला हे चालते, बँकेच्या खात्यांना चालत नाही.

जोडीचा खरा गुण पावसात दिसतो. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर, चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. 1 डिसेंबर 2015 च्या अतिवृष्टीने चेन्नई बुडाली, विमानतळ काही दिवस बंद राहिला. पुण्यात डिसेंबर बहुधा कोरडा असतो. विजेच्या बाबतीत मात्र दोघांचे नशीब जोडलेले आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड देशाच्या ग्रीडला जोडले गेले. डिझेल जनरेटर दोन्हीकडे हवेतच.

प्रत्यक्ष वाटपासाठी कुबरनेटीस ही प्रणाली सर्रास वापरतात. प्रत्येक कामासाठी ‘रिक्वेस्ट’ (राखीव वाटा) आणि ‘लिमिट’ (कमाल मर्यादा) असे दोन आकडे लिहिता येतात. प्रोसेसरचा आकडा मिलिकोअरमध्ये देता येतो : 250 मिलिकोअर म्हणजे पाव कोअर. प्रोसेसरची मर्यादा ओलांडू पाहणारे काम मंदावते, मेमरीची ओलांडली तर बंदच पाडले जाते. भीतीपोटी हे आकडे फुगवून लिहिले, की रिकाम्या पडलेल्या यंत्रांचेही बिल येते.

पैशांचा दुसरा हिशेब वाहतुकीचा. क्लाऊडमध्ये माहिती आणणे सहसा फुकट, बाहेर नेणे सशुल्क. त्यामुळे मोठा डेटाबेस एका कंपनीकडे आणि तो वाचणारे काम दुसरीकडे ठेवणे महागात पडते. कायदाही वाट अडवतो : रिझर्व्ह बँकेच्या 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी लागते. परदेशातले यंत्र कितीही स्वस्त असले, तरी ही साठवण तिकडे हलवता येत नाही.

दुसऱ्या क्लाऊडवरची प्रत वेळेला उघडेल, हे गृहीत धरू नये. चेन्नईतल्या संस्थांनी ती मुख्य पावसाच्या आधी, सप्टेंबर संपण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष सुरू करून, दिवसभराचे काम तिच्यावर चालवून पाहावे.