पांढऱ्या ज्वारीची पारख : नगर जिल्ह्यातील भाकरीचे चव-परीक्षण

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे शेतीच्या दृष्टीने दोन ठळक भाग पडतात. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, त्याच्या कालव्यांवर उत्तरेकडील तालुक्यांत ऊस पसरला आणि १९५० मध्ये प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाल्यावर त्या भागाचे अर्थकारणच पालटले. दक्षिणेकडील जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर हे तालुके मात्र पर्जन्यछायेतच राहिले आणि तेथील काळ्या जमिनीने रब्बी ज्वारीची साथ सोडली नाही. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते, पावसाळ्यात जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते आणि माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत पक्व होते. दाणा भरताना त्यावर पाऊस पडत नसल्याने बुरशी धरत नाही, आणि म्हणूनच तो टपोरा, पांढरा व चकाकदार निघतो. या पांढऱ्या दाण्याचा दर्जा नेमका कोणी आणि कोणत्या कसोटीवर ठरवायचा, या प्रश्नाला विसाव्या शतकात जी उत्तरे मिळत गेली, त्यांत चव घेणाऱ्या माणसाला शास्त्रीय प्रयोगात स्थान कसे मिळाले याचा इतिहास दडलेला आहे.

बाजारातील जुनी पारख डोळ्यांची आणि दातांची होती. पोत्यातून काढलेली वानगी, म्हणजे नमुन्यादाखल घेतलेली मूठभर ज्वारी, तळहातावर पसरून तिचा रंग, टपोरेपणा व एकसारखेपणा पाहिला जाई, आणि एखादा दाणा दाताखाली फोडून तो किती वाळला आहे हे अजमावले जाई. शेतमालाची प्रतवारी करण्यासाठी १९३७ मध्ये कायदा झाला आणि त्यातून ॲगमार्कची व्यवस्था उभी राहिली. पण तिच्या कसोट्याही ओलावा, काडीकचरा, फुटका अथवा किडका दाणा अशा बाह्य गुणांच्याच होत्या. दाण्याची भाकरी कशी होते, हे ना व्यापाऱ्याच्या वहीत नोंदले जाई, ना सरकारी प्रतवारीत. ते घरातील बाईला ठाऊक असे, आणि तिचे मत पुढच्या वर्षीच्या बियाण्याच्या निवडीत अप्रत्यक्षपणे उतरत असे.

हे मत किती प्रभावी होते, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे मालदांडी. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने, म्हणजे संकर न करता उत्तम ताटे वेचून व त्यांचे बी स्वतंत्र वाढवून, एम ३५-१ हा वाण तयार करण्यात आला. नगर, सोलापूर, बीड, पुणे या साऱ्या रब्बी पट्ट्यात तो असा रुजला की त्यानंतर आलेल्या प्रत्येक वाणाची तुलना त्याच्याशीच होऊ लागली. दुष्काळ सोसण्याची ताकद आणि भरपूर कडबा ही त्याची शेतातील बलस्थाने खरी, परंतु त्याचे घरातील स्थान पांढरीशुभ्र, मऊ आणि किंचित गोडसर भाकरीने पक्के केले.

खाणाऱ्याच्या जिभेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे पुढच्या दोन घटनांनी दाखवून दिले. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. उत्पादनाच्या दृष्टीने ती मोठी झेप होती; पण खरिपातील हा लवकर येणारा वाण पावसातच पक्व होई, दाणा काळा पडे, आणि त्याची भाकरी लोकांना रुचेना, त्यामुळे बाजारात ‘हायब्रीड’ला गावरान ज्वारीपेक्षा कमी भाव मिळू लागला. दुसरी घटना १९७२ च्या दुष्काळाची. नगर जिल्ह्यालाही त्याची तीव्र झळ बसली आणि त्या काळात रेशनवर परदेशातून आलेली तांबूस मिलो ज्वारी वाटण्यात आली. तिने माणसे जगवली, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवायलाच हवी. तरीही तिच्या तांबूस, कोरड्या भाकरीची नावड त्या पिढीच्या आठवणीत आजही टिकून आहे. पोट भरणारे धान्य आणि आवडीने खाल्ले जाणारे धान्य यांतील अंतर पैदासकाराने मोजलेच पाहिजे, ही जाणीव या अनुभवांनी तीव्र झाली.

मोजायचे कसे, याची पद्धत तोवर अन्यत्र तयार झाली होती. इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक प्रयोग मांडला होता : कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येते असे सांगणाऱ्या एका बाईंसमोर दोन्ही प्रकारचे चार-चार असे आठ कप विस्कळीत क्रमाने ठेवायचे, केवळ अंदाजाने सर्व कप बरोबर ओळखले जाण्याची शक्यता ७० मध्ये १ एवढीच असल्याने, त्या यशस्वी झाल्यास त्यांचा दावा गंभीरपणे घेणे भाग पडते. नाव झाकणे, क्रम यदृच्छया लावणे आणि योगायोगाची शक्यता आकड्यात सांगणे, ही पुढील सर्व चव-परीक्षांची तीन सूत्रे या प्रयोगात एकत्र आली. महाराष्ट्रातील कृषी विद्यार्थ्यांपर्यंत ही विचारपद्धती पोहोचली ती प्रामुख्याने वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ मध्ये निघालेल्या कृषी-संख्याशास्त्रावरील पाठ्यपुस्तकामुळे. शेतातील वाफ्यांसाठी लिहिलेले ते गणित परातीतील भाकरीलाही लागू पडले. आवड मोजण्याची नऊ पायऱ्यांची श्रेणी मात्र अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनातून आली. तिच्यात ९ म्हणजे अतिशय आवडले, ५ म्हणजे ना आवड ना नावड आणि १ म्हणजे अतिशय नावडले.

नाव झाकल्याने प्रस्थापित प्रतिष्ठा कशी हादरते, याचे जगभर गाजलेले उदाहरण पांढऱ्या वाइनचे आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी कॅलिफोर्नियाच्या सहा आणि फ्रान्समधील बर्गंडीच्या चार शार्डने वाइन, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षापासून केलेल्या पांढऱ्या वाइन, ओळख लपवून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. २० पैकी दिलेल्या गुणांची बेरीज झाली तेव्हा कॅलिफोर्नियाची शातो माँतेलेना पहिली आली. ज्वारीच्या बाबतीत अशी खळबळ माजली नाही. येथे नाव झाकूनही मालदांडीचा मान बव्हंशी टिकून राहिला, आणि त्यामुळेच त्या परीक्षांचे निष्कर्ष अधिक बोलके ठरतात, कारण ग्रामीण स्त्रियांची जी पसंती नवीन वाणांच्या उत्साही पुरस्कर्त्यांना जुन्याचा हट्ट वाटत होती, ती खरोखर दाण्याच्या गुणांवर उभी होती हे त्यांनी सिद्ध केले.

या कामाला व्यवस्थित रूप मिळाले ते हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत. तेथे १९८१ मध्ये ज्वारीच्या दाण्याच्या गुणवत्तेवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला आणि अनेक वाणांच्या भाकऱ्यांची एम ३५-१ शी केलेली पद्धतशीर तुलना त्यात मांडली गेली. दाण्याचे साल पातळ व रंगहीन असावे आणि आतील गर फार काचेरी, म्हणजे कठीण व पारदर्शक नसावा, तसाच फार पिठूळही नसावा, असे चांगल्या भाकरीच्या दाण्याचे वर्णन अशा अभ्यासांतून आकाराला आले. गृहिणीच्या हाताला जे आधीच माहीत होते, त्याला आता दाण्याच्या रचनेत कारण सापडले.

अशा परीक्षेची सिद्धता बारकाईने पाहण्याजोगी आहे. सर्व वाणांचे दाणे एकाच हंगामातील घ्यावे लागतात आणि ते एकाच वेळी, एकाच चक्कीवर दळावे लागतात, कारण दळून दिवस गेले की पिठाची विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा संपतो, आणि मग उत्तम वाणाचीही भाकरी थापताना तुटते. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन नसते. आधणाचे पाणी पिठात ओतल्यावर त्यातील काही पिष्ट शिजून चिकट होते आणि तेच उंडा धरून ठेवते. म्हणून ठरावीक वजनाच्या पिठाला किती पाणी लागले, मळताना उंडा हाताला कसा लागला, थापताना भाकरी किती पसरली आणि कडेला भेगा पडल्या का, याची नोंद चव घेण्यापूर्वीच होते. त्यानंतर भाकरी तव्यावर पडते, वरच्या अंगाला पाणी फिरवले जाते, ती उलटली जाते आणि शेवटी विस्तवावर फुगते. पापुद्रा एकसंध सुटला की नाही, हाही एक गुणच आहे. तयार भाकरीचे सारखे तुकडे सांकेतिक आकडे दिलेल्या ताटल्यांत ठेवले जातात, परीक्षक दोन तुकड्यांमध्ये पाण्याने तोंड धुतात आणि रंग, वास, चव, मऊपणा व एकूण पसंती यांचे वेगवेगळे गुण देतात. काही भाकऱ्या कापडात गुंडाळून काही तासांनी पुन्हा तपासल्या जातात, कारण शेतावर नेलेली सकाळची भाकरी दुपारीही मोडता आली पाहिजे.

वाइनची परीक्षा आणि भाकरीची परीक्षा यांतील मूलभूत भेद येथेच आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात २००० पासून सुलाने सोव्हिन्यों ब्लाँ व शेनिन ब्लाँ या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइन बाजारात आणल्या. अशी वाइन बाटलीत पूर्णत्वाला पोहोचलेली असते आणि परीक्षकाने ती योग्य तापमानाला पेल्यात ओतली की त्याच्या हाताचा तिच्या गुणांशी फारसा संबंध उरत नाही. भाकरी मात्र करणारीच्या हातात जन्मते. म्हणून सर्व नमुन्यांच्या भाकऱ्या एकाच कुशल बाईने कराव्यात असा दंडक पाळला, तर हाताचा फरक निघून जातो, पण तिचा हात सवयीच्या मालदांडीला अधिक सरावलेला असण्याचा धोका राहतो. आणि परातीत पीठ पडताच तिला वाण ओळखू येत असेल, तर परीक्षकांपासून झाकलेले नाव तिच्यापासून झाकता येत नाही. या पद्धतीच्या वर्णनांत परीक्षकांची संख्या आणि त्यांचे प्रशिक्षण काळजीने सांगितले जाते, भाकरी करणारीचा उल्लेख मात्र पुष्कळदा एका ओळीत आटोपतो. हा अन्याय आहे आणि शास्त्रीय उणीवही आहे. या परीक्षेतील पहिली आणि सर्वांत अनुभवी परीक्षक तीच असते.

नगर जिल्ह्यात या कामाचे केंद्र राहुरी आहे. १९६८ मध्ये राज्यासाठी कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि राहुरीला मुख्यालय असलेले ते विद्यापीठ पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. येथील ज्वारी सुधार प्रकल्पाने जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले : हलक्या जमिनीला फुले अनुराधा व फुले माऊली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा व फुले यशोदा आणि बागायतीला फुले रेवती. अशा वाणांच्या मूल्यमापनात धान्य व कडब्याच्या उत्पादनाबरोबर भाकरीच्या प्रतीचाही विचार होतो आणि त्यासाठी नऊ गुणांच्या श्रेणीचा वापर रूढ झाला आहे. पुढे या विचाराला आणखी फाटे फुटले. लाह्यांसाठी फुले पंचमी व पापडासाठी फुले रोहिणी हे वाण आले, आणि गुळभेंडी, सुरती, कुचकुची या खास हुरड्याच्या जुन्या वाणांच्या पंक्तीला फुले उत्तरा व फुले मधुर जाऊन बसले. हुरड्याची, म्हणजे कोवळ्या दुधाळ कणसांतील भाजून चोळलेल्या दाण्यांची पारख सर्वांत अवघड म्हणावी लागेल. दाणा योग्य अवस्थेत राहतो तो मोजकेच दिवस, भाजल्यावर त्याची गोडी टिकते ती गरम असेपर्यंत, आणि निरनिराळ्या वेळी पक्व होणारे वाण एकाच दिवशी एका पंगतीत मांडता येत नाहीत.

चव-परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही एखादा वाण जामखेड-कर्जतच्या शिवारात मागे पडू शकतो, याचे कारण परीक्षकांच्या ताटलीत न येणारी वस्तू, म्हणजे कडबा. कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी निम्मी माणसांसाठी आणि निम्मी जनावरांसाठी असते. ताट उंच, पानाळ आणि गोडसर असले तरच बैल व दुभती जनावरे ते आवडीने खातात. २०१३ आणि २०१९ च्या टंचाईत जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या तेव्हा ज्याच्या घरी कडब्याची गंजी होती, त्याला जनावरे दावणीलाच राखता आली. मालदांडीचा कडबा या कसोटीलाही उतरतो. त्यामुळे नवीन वाण शेतात न्यायचा की नाही हे ठरवताना भाकरीचे गुण घरात आणि कडब्याचे गुण गोठ्यात स्वतंत्रपणे दिले जातात, आणि या दोहोंचा मेळ बसेपर्यंत अनेक शेतकरी नव्या वाणाचे बी रानाच्या एका कोपऱ्यात पेरून, उरलेल्या रानात मालदांडीच ठेवतात.