भूतानमधील स्वतंत्र वृत्तपत्रे : जाहिरात, वाचक आणि राज्यसंस्था (२००६ ते २०१३)

प्रस्तावना

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास सामान्यतः बंदीहुकूम, राजद्रोहाचे खटले आणि संपादकांचा कारावास यांच्या आधारे लिहिला जातो. आशिया व आफ्रिका खंडांतील बहुतेक देशांच्या बाबतीत ते योग्यही आहे. भूतानमधील खाजगी वृत्तपत्रांचा इतिहास मात्र या चौकटीत बसत नाही. तेथे खाजगी वृत्तपत्रांना परवानगी मिळाली ती राजसत्तेच्याच पुढाकाराने, आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांची जी वाताहत झाली ती जमाखर्चाच्या वहीत झाली. प्रस्तुत लेखात या वाताहतीच्या कारणांचा शोध घेतला आहे.

कुएन्सेल ते भूतान टाइम्स

भूतानमध्ये १९६० च्या दशकात ‘कुएन्सेल’ हे शासकीय वार्तापत्र म्हणून सुरू झाले. १९८६ मध्ये त्याला साप्ताहिकाचे रूप देण्यात आले व ते झोंखा, इंग्रजी आणि नेपाळी या तीन भाषांत निघू लागले. १९९२ च्या राजाज्ञेने ते शासकीय खात्यापासून विलग करून स्वायत्त महामंडळाकडे सोपविण्यात आले. तथापि बहुसंख्य भाग शासनाकडेच राहिले. दूरचित्रवाणी व इंटरनेट यांचे आगमन १९९९ मध्ये झाले, यावरून या देशातील माध्यमांचे वय लक्षात येते.

चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी संसदीय लोकशाहीकडे जाण्याचा निर्णय घेतल्यानंतर चित्र बदलले. ३० एप्रिल २००६ रोजी ‘भूतान टाइम्स’ हे पहिले खाजगी वृत्तपत्र प्रसिद्ध झाले आणि जूनच्या आरंभी ‘भूतान ऑब्झर्व्हर’ निघाले. २००८ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, संविधान अमलात आले आणि त्याच्या सातव्या अनुच्छेदाने वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी दिली. त्याच वर्षी ‘भूतान टुडे’ हे पहिले दैनिक व पुढील वर्षी ‘बिझनेस भूतान’ सुरू झाले. २०१२ पर्यंत वृत्तपत्रांची संख्या बाराच्या घरात पोहोचली.

बारा हा आकडा मोठा नाही. परंतु तो कोणत्या लोकसंख्येवर उभा होता हे पाहिले पाहिजे. २००५ च्या जनगणनेनुसार भूतानची लोकसंख्या सुमारे ६ लाख ३५ हजार होती आणि साक्षरतेचे प्रमाण साठ टक्क्यांच्याही किंचित खाली होते. त्यातही इंग्रजी वाचणारा व विकत घेऊन वाचणारा वर्ग मुख्यत्वे थिम्फू, फुन्त्शोलिंग यांसारख्या मोजक्या नगरांत एकवटलेला होता. राष्ट्रभाषा झोंखातील आवृत्ती काढणे हे धोरणदृष्ट्या अपेक्षित होते, परंतु तिला ग्राहक मिळत नसत. एकाच अंकाचा खर्च दोनदा करून एकदाही तो भरून निघत नसे. पर्वतमय भूप्रदेशामुळे वितरणाची अडचण वेगळीच. थिम्फूहून पूर्वेकडील त्राशिगांगला बसने जाण्यास दोन दिवस लागत. ‘कुएन्सेल’ने पूर्वेकडे कांगलुंग येथे दुसरा छापखाना उभारून ही अडचण सोडविली, पण खाजगी मालकांना तसे भांडवल कोठून मिळणार?

एकमेव मोठा ग्राहक

विक्रीतून खर्च निघत नसल्याने सारा भार जाहिरातींवर आला, आणि येथेच प्रश्नाचे मूळ आहे. भूतानमधील खाजगी उद्योगक्षेत्र अत्यंत लहान आहे. परिणामी निविदा, लिलाव, नोकरभरती यांच्या शासकीय सूचना हेच उत्पन्नाचे प्रमुख साधन ठरले. ज्या मंत्रालयाच्या कारभाराची चौकशी करायची, त्याच मंत्रालयाच्या निविदेवर बातमीदाराचे वेतन अवलंबून, अशी ही रचना होती. ती कोणी कुटिल हेतूने उभारली असे म्हणता येत नाही. लहान बाजारपेठेतून ती आपोआप निर्माण झाली, आणि म्हणूनच ती मोडणे अधिक कठीण होते.

या रचनेची परीक्षा २०१२ मध्ये झाली. त्या वर्षी भूतानमध्ये भारतीय रुपयाची तीव्र टंचाई निर्माण झाली. भूतानचे चलन रुपयाशी समदराने बांधलेले आणि आयातीचा बहुतांश भाग भारतातून येणारा, त्यामुळे तेथील मध्यवर्ती बँकेला रुपयाच्या वापरावर निर्बंध घालावे लागले व वाहन आणि गृहकर्जे रोखली गेली. वाहनविक्रेते, बँका व बांधकाम व्यवसाय यांच्याकडून जी काही थोडी खाजगी जाहिरात मिळत असे तिलाही साहजिकच ओहोटी लागली. त्याच सुमारास शासनानेही काटकसरीचे धोरण स्वीकारले. दिल्ली किंवा मुंबईच्या वृत्तपत्रांना ज्याची झळही लागली नसती अशा चलनटंचाईने थिम्फूतील संपादकीय कचेऱ्या रिकाम्या होऊ लागल्या.

याच वर्षाच्या फेब्रुवारीत ‘द भूतानीज’ हे साप्ताहिक सुरू झाले होते. शोधपत्रकारिता हे त्याचे वैशिष्ट्य होते. एप्रिलमध्ये माहिती व दळणवळण मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील विभागांनी या पत्राला जाहिराती देऊ नयेत असे परिपत्रक काढले. येथे अंक जप्त झाला नाही, संपादकाला अटक झाली नाही, न्यायालयात जाण्याजोगा हुकूमही निघाला नाही. संविधानातील सातवा अनुच्छेद जागच्या जागी राहिला. जाहिरात कोणाला द्यावी हा जाहिरातदाराचा अधिकार असतो, हा युक्तिवाद खाजगी कंपनीने केला तर तो मान्य करता येईल. परंतु जाहिरातदार हाच राज्यकर्ता असेल आणि बाजारात दुसरा मोठा जाहिरातदारच नसेल, तेव्हा हा अधिकार परवाना रद्द करण्याच्या अधिकाराहून फारसा वेगळा उरत नाही.

‘द भूतानीज’ त्यातून तगले. ‘भूतान ऑब्झर्व्हर’ला मात्र २०१३ मध्ये छापील आवृत्ती थांबवावी लागली. इतर काही पत्रे त्यापूर्वी किंवा त्यानंतर शांतपणे बंद पडली.

या पत्रांनी काहीच साधले नाही असे नव्हे. ग्येलपोझिंग येथील भूखंडवाटपाचे प्रकरण वृत्तपत्रांनी लावून धरले, भ्रष्टाचारविरोधी आयोगाने त्याची चौकशी केली आणि मार्च २०१३ मध्ये मोंगर जिल्हा न्यायालयाने तत्कालीन सभापती व गृहमंत्री या दोघांना दोषी ठरविले. पहिल्या खाजगी वृत्तपत्राला सात वर्षेही झाली नसताना घडलेली ही गोष्ट उपेक्षणीय नाही. दुसरीकडे १९९० च्या दशकात देशाबाहेर गेलेल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजाचा प्रश्न या पत्रांनी क्वचितच हाताळला. त्याचे कारण केवळ जाहिरातींत शोधता येणार नाही.

मनुष्यबळाची हानी

आर्थिक टंचाईचा सर्वांत दूरगामी परिणाम मनुष्यबळावर झाला. जेथे बहुतेकजण एकमेकांना ओळखतात अशा समाजात माहिती देणारा सहज ओळखला जातो. त्यातही अधिकृत माहितीचा साठा ज्यांच्याजवळ, त्या शासकीय सेवकांना सेवानियमांनी बोलण्यास मनाई. माहितीच्या अधिकाराचे विधेयक २०१४ मध्ये राष्ट्रीय सभेत संमत झाले, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर होऊ शकले नाही. अशा स्थितीत बातमी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षांचा अनुभव व विश्वासाचे संबंध लागतात आणि नेमके तेच टिकेनासे झाले. वेतन अनियमित झाल्यावर तरुण बातमीदार इतर व्यवसायांकडे वळले. त्यांतील कित्येक शासकीय खात्यांत माध्यम अधिकारी म्हणून रुजू झाले. तेथे वेतन वेळेवर मिळत होते.