चार हिश्श्यांची तबकडी

वाटणी म्हटली की आमच्या शिरूर-दौंडकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बांध उभा राहतो. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. शेताशेताला नंबर पडले आणि जमीन आधी कागदावर, मग नांगराखाली, असा क्रम अंगवळणी पडला. कागद किती जिवाचा असतो हे १८७५ च्या मे महिन्यात दिसले. सुप्याच्या कुणब्यांनी सावकारांचे रोखे नि वह्या जाळल्या.

संगणकाच्या तबकडीचीही अशीच वाटणी असते हे मला साठी उलटल्यावर कळले, आणि तेही घरच्या गरजेपोटी. वडिलांनी आपल्या आठवणी १९९८ साली शिरूरच्या एका दुकानात टंकून घेतल्या होत्या. छापील प्रत वाळवीने खाल्ली. उरली ती दुकान मोडताना मालकाने दिलेली, कुरकुरणारी हार्ड डिस्क. पुतण्याने तिच्यातले सारे आधी उतरवून घेतले. फाइल उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा केवळ केरकचरा! त्या काळी ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याचे त्याचे संकेत. १९९१ साली भारतीय संकेतप्रणालीचे मानक निघाले, युनिकोडही त्याच वर्षी आले, पण दुकानांत ते रुळायला पुढे बरीच वर्षे लागली. म्हणजे जुना फॉन्ट, जुना प्रोग्रॅम आणि जुने यंत्र, तिन्ही हवीत.

पुतण्या दौंडला रेल्वेत आहे. तो म्हणाला, "काका, यंत्र कशाला? यंत्राचे सोंग पुरेल."

या सोंगाला एम्युलेटर म्हणतात, आणि हा बहुरूपी चांगला जुना आहे. आय. बी. एम. कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमाला जाहीर केली, तेव्हा आधीच्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम टाकून द्यायला गिऱ्हाईक राजी नव्हते. म्हणून नव्या यंत्राला जुन्याची चाल शिकवली गेली.

सोंगाला तबकडीही सोंगाचीच लागते. ती म्हणजे नव्या डिस्कवरची एक मोठी फाइल. जुने यंत्र तिला खरी हार्ड डिस्क समजते. पुतण्याने १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर अशी मापे भरली. सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करून पाहा, ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट होतात. त्यापलीकडची जमीन त्या काळच्या पुष्कळ यंत्रांना दिसतच नसे. (१९५६ सालच्या आय. बी. एम.च्या पहिल्या डिस्कयंत्रात ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मावत अवघी ५० लाख अक्षरे!)

पण कोरी तबकडी म्हणजे मोजणी न झालेले माळरान. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर 'एफडिस्क' नावाचा मोजणीदार आला. तो पहिल्याच सेक्टरात हद्दींचा तक्ता लिहितो: हिस्सा कोठून कोठपर्यंत, प्रकार कोणता. तक्त्यात जागा चारच, प्रत्येकी १६ बाइटांच्या. पाचवा भाऊ निघाला तर? १९८७ साली डॉस ३.३ ने एका मोठ्या हिश्श्यात पोटहिस्से पाडण्याची सोय काढली. आपल्याकडच्या तलाठ्याला ती कोणी शिकवावी लागली नसती. शिवाय चौघांपैकी एकालाच 'अ‍ॅक्टिव्ह' ठरवायचे. यंत्र सुरू करण्याचा मान त्याचा. पाटीलकी थोरल्याकडे असावी, तसे.

इथेच आमचे घोडे अडले. सारी जागा एकाच हिश्श्याला दिली असती, तर एफडिस्कने हा मान आपणहून दिला असता. आम्ही मात्र दोन हिस्से पाडले, एक यंत्राला आणि एक वडिलांच्या कागदांना. आणि पाटीलकी कोणालाच दिली नाही. दोघांचे फॉर्मॅट झाले, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पडदा काळाठिक्कर! रात्री साडेअकराला पुतण्याच्या ध्यानात आले. पुढचे सरळ होते: विंडोज ९५, मग तो प्रोग्रॅम, मग फॉन्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान उघडले. घोडनदीचा घाट, शनिवारचा बाजार, आजीचे दळण, सारे वडिलांच्याच शब्दांत. सौ. कणीक मळता मळता येऊन मागे उभी राहिली.

काही पानांवर जोडाक्षरांच्या जागी अजून चौकोन दिसतात. ती मी हाताने युनिकोडमध्ये उतरवतो आहे. आजोबांच्या आणि त्यांच्या भावांच्या वाटणीचे प्रकरण नेमके त्याच पानांत आहे.